खिशावरची अक्षरं

"आई, ही अक्षरं उसवून दे," असं म्हणत सायलीनं मरून रंगाचा ॲप्रन मशीनवर टाकला. तो नेमका बायडाबाईंच्या अर्धवट शिवलेल्या ब्लाउजवर पडला.

"अगं, माझ्या बाहीवर कशाला टाकती?" स्टुलावर बसलेल्या बायडाबाई म्हणाल्या. "आधीच तुझी आई माझा दंड खारकेएवढा समजून शिवती. मागच्या खेपेला हात वर केला न् काखंत टर्रकन आवाज आला. तेबी लग्नात, अक्षता टाकताना."

"अक्षता हळू टाकायच्या," विजयमाला म्हणाली आणि तिनं ॲप्रन उचलला. "कावून उसवायची?"

"हॉस्पिटलातले गहिनीनाथ सर म्हणले. पेशंट वाचतेत न् विचारतेत, ही शिकाऊ हाय का म्हणून. घाबरतेत उगीच."

डाव्या खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं चार बोटं रुंद अक्षरं होती: शिकाऊ. ती विजयमालानंच भरली होती. वडवणीच्या स्टँडमागं तिचं फॉल-पिको आणि ब्लाउजचं दुकान होतं, आणि केंद्रातल्या मुलींचे ॲप्रन दोन वर्षं तिच्याकडंच येत होते.

केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम. शाळा मधेच सुटलेल्या मुली तिथं सकाळी मुक्त विद्यालयाच्या दहावीचा अभ्यास करायच्या आणि दुपारी रुग्णसेवा शिकायच्या. सायली गणितात दोनदा नापास होऊन घरी बसली होती. केंद्रात तिला पुन्हा बाक मिळाला. शिकवणाऱ्या वनमाला मॅडम सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स होत्या. ताप बघायचा, कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, चादर बदलायची. सुई, औषध आणि सलाइनला हात लावायचा नाही. शेवटचे तीन महिने प्रत्यक्ष हॉस्पिटलमध्ये काम करायचं आणि तिथल्या डॉक्टरांनी काम बरं म्हटलं तरच प्रमाणपत्र. अक्षरं मॅडमनीच सांगितली होती. 'खाटेवरच्या माणसाला पडल्यापडल्या वाचता आली पाहिजेत,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"मॅडमला इचारलं का?" विजयमालानं विचारलं.

"मॅडम आठ दिवसातून एकदा येतेत. सर रोज असतेत." सायली आरशात बघून वेणी बांधत होती. "आई, तुला माहीत न्हाई. काल एक म्हातारी माझा हात सोडीना. म्हणली, ह्याच सिस्टरच्या हातानं सुई घेणार, दुसऱ्या कुणाच्या न्हाई."

"सुई?"

"नळीतून सोडायची असती. भरून सर देतेत. मी फकस्त सोडते."

विजयमालानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"एवढं काय बघायलीस? सगळ्या करतेत," सायली म्हणाली. "डॉक्टर कायम करणार हायत मला. मग अण्णा पाटोद्याच्या स्थळाचं नाव काढतेत का बघते."

अण्णा म्हणजे तिचे वडील बजरंग; ते ट्रकवर असत. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर पाटोद्याला बघायचा कार्यक्रम, असं त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं. सायलीनं दुसरा ॲप्रन घातला, खिशावर पांढरा रुमाल पिनेनं लावला आणि ती गेली. जाताना पायरीवरून म्हणाली, "संध्याकाळपर्यंत उसव. अन् भोकं दिसू देऊ नको."

विजयमालानं अर्धं ब्लेड काढलं. अक्षरं साखळी टाक्याची होती. साखळी टाका शेवटच्या गाठीकडून सोडवला तर फार कापावं लागत नाही. गाठ तोडायची आणि दोरा ओढायचा, अख्खं अक्षर सळसळत निघून येतं. तिनं ॲप्रन उलटा केला, गाठ शोधली, आणि ब्लेड टेकवून थांबली.

गेल्या वर्षी फळवाल्या शफीची आफ्रीन असाच ॲप्रन घेऊन आली होती. अक्षरं तिनं घरीच उसवली होती. घाईत ब्लेड लागून खिसा फाटला होता. विजयमालानं आतून पट्टी लावून तो शिवून दिला होता. अक्षरं का काढलीस, हे विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक होतं, काम होतं. पुढं काही दिवसांनी आफ्रीन दिसेनाशी झाली. परभणीला खालाकडं, मावशीकडं गेली, असं कुणीतरी म्हणालं होतं.

"माझा ब्लाउज?" बायडाबाईंनी विचारलं.

"संध्याकाळी." विजयमालानं शटर अर्ध्यावर ओढलं.

"सैल शिव म्हणलं तर दुकानच बंद करती ही बया," असं पुटपुटत बायडाबाई उठल्या.

बाजाराचा दिवस होता. स्टँडजवळ शफीच्या गाड्यावर सीताफळांचा ढीग होता आणि तो पिकलेली फळं वरच्या बाजूला लावत होता.

"या ताई. धारूरच्या डोंगरातलं हाय. लई गोड."

"शफीभाई, आफ्रीन कशी हाय?"

"बरी हाय." त्यानं पिशवी उघडली. "किती देऊ?"

"माझी सायली त्याच हॉस्पिटलात जाती. अक्षरं उसवायला सांगितलीत तिला."

शफीनं हातातलं सीताफळ खाली ठेवलं. एका गिऱ्हाइकाला त्यानं भाव सांगितला, ते पुढं गेल्यावर तो बोलला.

"आमच्या पोरीलाबी तेच सांगितलंतं. सगळे सिस्टर, सिस्टर म्हणायचे. मलाबी बरं वाटायचं, खोटं कावून बोलू? गाड्यावर लोक म्हणायचे, सिस्टरचे अब्बा. एक बाई आलती तापाची. आफ्रीननं सुई सोडली. बाईला दमच घेता येईना. डॉक्टर बीडला गेलते. ते येईस्तोवर संपलं."

"मग?"

"मग बाईची माणसं आली, पंधरा-वीस. तवा त्यो गहिनीनाथ काय म्हणला माहीत हाय? सगळ्यांपुढं म्हणला, ही तर शिकाऊ हाय, हिला हात लावायला कुणी सांगितलं?" शफीचा आवाज चढला नाही. "खिशावरनं काढायला लावलेलं त्यानं, ताई. त्या दिशी त्यानंच परत लावलं."

एक एसटी हॉर्न देत वळली. शफीनं गाडा थोडा मागं घेतला.

"केंद्रात सांगितलं न्हाई?"

"माणसं घरापर्यंत आलती. मिटवलं चार जणांनी. अट एकच, कुठं बोलायचं न्हाई. आता तिकडं घरात कुणाला ताप आला की पोरगी बाहेर ओट्यावर जाऊन बसती. ताप उतरंस्तोवर आत येत न्हाई." त्यानं न विचारताच पिशवीत चार सीताफळं टाकली. "तुमी माझं नाव घेऊ नका. पोरीला मात्र घरी न्या."

हॉस्पिटल दुमजली होतं. खालच्या मोठ्या खोलीत सात-आठ खाटा होत्या. सायली एका म्हातारीला उशीला टेकवून बसवत होती. एक हात पाठीमागं, एक गुडघ्याखाली, जसं मॅडमनी शिकवलं होतं तसं. म्हातारीला कुठंही हिसका बसला नाही. दारात उभ्या असलेल्या विजयमालाला वाटलं, हिला हे काम खरंच येतं. रुमाल खिशावर तसाच होता.

"या ताई, बसा." गहिनीनाथ समोर आला. चाळिशीचा, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्टेथोस्कोप. डॉक्टर नसताना हॉस्पिटल तोच बघायचा, पण तो नेमका काय शिकला होता हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं. "सायलीच्या आई ना? मुलगी हुशार आहे तुमची. हात हलका आहे. डॉक्टरसाहेब कायम करायचं म्हणतात."

सायलीनं ऐकलं. तिनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले.

"सर, अक्षरं राहू द्या खिशावर," विजयमाला म्हणाली. "अन् तिला सुईला हात लावू देऊ नका."

"आई," सायली दबक्या आवाजात म्हणाली.

गहिनीनाथ हसला. "ताई, मी असतो ना इथं. माझ्या नजरेखाली चालतं सगळं. हात लावल्याशिवाय माणूस शिकतं का? तुम्ही पण कापड बिघडवूनच शिकला असाल."

"कापड बिघडलं तर दुसरं आणता येतंय."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कोपरावर उठून बसला. गहिनीनाथनं त्याच्याकडं पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "बरोबर आहे तुमचं. आईचं काळीज आहे. घेऊन जा मुलीला. जबरदस्ती नाही. आमच्याकडं यायला दुसऱ्या मुली आहेत."

"मी न्हाई जाणार," सायली म्हणाली.

म्हातारीनं हात उचलला. "सिस्टर, हे थेंब पडायचे थांबले बघ."

सायली वळली. तिचा हात सलाइनच्या नळीवरच्या चाकाकडं सवयीनं गेला, आणि विजयमालानं तो मनगटाला धरून थांबवला. म्हातारी दोघींकडं बघत राहिली. गहिनीनाथ शांतपणे पुढं झाला आणि त्यानं स्वतः चाक फिरवलं.

"जा, सायली," तो म्हणाला. "ॲप्रन केंद्रात जमा कर."

रस्त्यात सायली दहा पावलं पुढं चालत होती. घरात आल्यावर विजयमालानं तिला आफ्रीनचं सगळं सांगितलं. शफीचं नाव न घेता सांगणं शक्यच नव्हतं. सायली ऐकून म्हणाली, "मी चुकले नसते." सीताफळं पिशवीतच राहिली.

विजयमालानं वनमाला मॅडमना फोन केला. सुई आणि अक्षरांचं सांगितलं. आफ्रीनचं मात्र शफीला विचारल्याशिवाय सांगता येईना.

"सोमवारी मी स्वतः डॉक्टरांशी बोलते," मॅडम म्हणाल्या. "विजयमालाताई, खोटं बोलत नाही. आपल्या मुलींना आत घेणारं गावात हे एकच हॉस्पिटल आहे. हे बंद झालं तर बारा मुलींना मी कुठं पाठवू?"

"दुसरीकडं न्हाई का कुठं?"

"बघते," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या पायरीवर ऋतुजा उभी. सायलीच्याच तुकडीतली, वर्गात सायलीशेजारी बसणारी. हातात ॲप्रन.

"काकू, एवढी अक्षरं उसवून द्या. मला वरच्या मजल्यावरनं खाली घेतलं आजपासनं." मग मशीनवर बसलेल्या सायलीकडं बघून ती गडबडली. "तुझ्या जागी न्हाई गं. तसंच, मदतीला."

सायली कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होती. तिनं पाय थांबवला नाही.

विजयमालानं ॲप्रन हातात घेतला नाही. "ऋतुजा, गेल्या वर्षी आफ्रीनचं काय झालं, ठावं हाय का तुला?"

"हाय की. सरांनीच सांगितलं." ऋतुजा सरळ म्हणाली. "लक्ष न्हवतं तिचं. मी लक्ष ठेवीन."

"अगं, पण सुई तुमी सोडायचीच न्हाई!"

"मग काय करू काकू? दहावी झालेल्या पोरींनाबी कुणी विचारीना. मी तर अजून बसलेबी न्हाई परीक्षेला." तिनं ॲप्रनची घडी घातली. "तुमी देत नसलात तर राहू द्या. ब्लेड हाय घरी."

"ब्लेड लावू नको," विजयमाला पटकन म्हणाली. "खिसा फाटतो."

ऋतुजा थांबली. काकूंचं मन बदललं असं तिला वाटलं असावं. तिनं ॲप्रन परत पुढं केला. विजयमाला त्या अक्षरांकडं बघत राहिली. ती तिनंच भरली होती, गाठ कुठं आहे हे तिला न बघता सांगता आलं असतं. तिनं हात मागं घेतले आणि पदराला पुसले.

"उशीर होतोय," ऋतुजा म्हणाली. तिनं ॲप्रन घातला. खिशावर लावायला तिच्याजवळ रुमाल नव्हता. तिनं इकडं तिकडं पाहिलं आणि ओढणी डाव्या खांद्यावरून खाली ओढून खिशावर घेतली, टोक पट्ट्यात खोवलं. अक्षरं पूर्ण झाकली गेली. ती पायरी उतरून रस्त्याला लागली.

चौकाजवळ कुणाचा तरी नातेवाईक, हातात डबा आणि पाण्याची बाटली घेऊन, हॉस्पिटलकडंच निघाला होता. त्यानं मागून हाक मारली, "ओ सिस्टर!"

ऋतुजानं वळून पाहिलं.

दुकानात मशीनचा आवाज थांबला होता. सायलीनंही मान वर केली होती. मग तिनं सुईखालची साडी सरळ केली आणि पाय पुन्हा मशीनच्या पायडलवर ठेवला.