लेझरआधीचा प्रश्न

भाग्यलक्ष्मीने लघवीची पिशवी नवऱ्याच्या खुर्चीच्या पायाला अडकवली आणि लुंगीखालून आलेली नळी सरळ केली. लघवी अडली म्हणून पेडण्याच्या दवाखान्यात घातलेली ही नळी सगुणला अगदी नकोशी झाली होती. उद्याच लेझर करू, असं म्हापशाचे डॉक्टर म्हणाले तेव्हा कुठे त्याचा चेहरा उजळला.

“प्रोस्टेट वाढलंय, पण गाठ साधी आहे,” डॉक्टर म्हणाले. “दुर्बीण लघवीच्या वाटेनेच आत जाईल. कापणं नाही, टाके नाहीत. फक्त यानंतर वीर्य बाहेर येत नाही, आत मूत्राशयात जातं. मूलबाळ किती?”

भाग्यलक्ष्मीने मान खाली घातली. ह्या प्रश्नाला तिची मान आपोआप खाली जायची.

“नाय,” सगुण घाईने म्हणाला. “तेची चिंता नको, डॉक्टर. माझ्यात शुक्रजंतूच नाय. लग्नाच्या दुसऱ्या वर्साक तपासणी केल्ली. तुमी उद्याच करून टाका.”

आपण भलतंच ऐकलं, असं तिला वाटलं. पण तो तेच पुन्हा सांगत होता, आंब्याचा भाव सांगावा तसं.

चोवीस वर्षं सासूने तिला वांझ ठरवलं होतं. जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला उठली, तर “तू रांधपाकडे बघ” म्हणून आत पिटाळलं होतं. सोमवार झाले, काढे झाले, पणजीला जाऊन इंजेक्शनंही टोचून झाली. आणि हा भला माणूस बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचा. शिवाय परत येताना तिला पाव-भाजी खाऊ घालायचा.

“बाई, तुम्हाला काही विचारायचंय?”

तिने खुर्चीला अडकवलेली पिशवी सोडवून उचलली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी नळीतलं लालसर पाणी निवळायला लागलं, तरी ती त्याच्याशी बोलली नव्हती.

“आयेक सांगू नको गो,” सगुण हळूच म्हणाला. “म्हातारी ती. तिका सोसवचा नाय.”

“माका सोसला,” ती म्हणाली.

तेवढ्यात सासूचाच फोन आला.

“बरो आसा मां माझो झील? तुका एक पोर झाला असता, तर आज बापाशीच्या उशाक बसला असता.”

“आये, वायच रवा. तुमचो झील तुमका कायतरी सांगता.”

भाग्यलक्ष्मीने स्पीकर लावला आणि फोन नवऱ्याच्या छातीवर ठेवला. त्याने दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“सांगा,” ती म्हणाली. “डॉक्टराक सांगितलात, तसाच.”