पाक मीच तापवला

दीक्षाच्या मायस्पेस पेजवर टॉप एटमध्ये, म्हणजे आठ बेस्ट फ्रेंड्सच्या यादीत, मी अख्खं वर्ष पहिली होते. फेब्रुवारीत रीमा पहिली आली आणि मी दुसरी! रीमा आमच्याच आठवीतली, लेबनीज, पापण्या इतक्या लांब की मस्कारा लागतच नाही. यार, हे अनफेअर आहे.

शाळेच्या इंटरनॅशनल डेला दीक्षा आणि मी दर वर्षी माझ्या आईचे चिरोटे न्यायचो. यंदा दीक्षा म्हणाली, "आम्ही रीमाकडे बकलावा करतोय. सावनी, तूही ये ना."

तूही! जशी काही मी पाहुणीच.

तरी गेले. कागदासारखे पातळ पापुद्रे, प्रत्येकावर लोणी, मध्ये पिस्ते. मी म्हटलं, "ह्यात काय, आमचे चिरोटेच की!" कोणी ऐकलंच नाही. दोघी एकाच ब्रशने लोणी लावत खिदळत होत्या. रीमाच्या आईने साखरेचा पाक सकाळीच करून ठेवला होता. ट्रे ओव्हनमधून निघाला की त्यावर पाक ओतायचं काम दीक्षाचं.

मी बोट बुडवून पाहिलं. पाक थंडगार! आमच्या गुलाबजामला गरम पाक लागतो, नाहीतर मुरत नाही. ह्यांना एवढंही कळत नाही? दोघी फोटो काढायला अंगणात गेल्या तेव्हा मी पातेलं तापवलं आणि परत ओट्यावर ठेवलं. बकलावा मस्त झाला की सांगणार होते, माझी आयडिया!

दीक्षाने पाक ओतला. ट्रेचीच वाफ इतकी की कोणाला काही कळलं नाही.

तासाभराने बकलाव्याचा पार लगदा झाला होता.

"गरम बकलाव्यावर गारच पाक घालायचा असतो," रीमाची आई म्हणाली आणि दीक्षाकडे पाहू लागली.

"सॉरी आंटी. माझंच काहीतरी चुकलं."

एक सेकंद मला इतकं भारी वाटलं! आता दोघींचं बिनसणार, रीमाचा पहिला नंबर जाणार. मग दीक्षाची खाली घातलेली मान दिसली.

"पाक मी तापवला," मी म्हणाले.

"माहितीय," दीक्षा मराठीत म्हणाली. "शेगडी अजून चालू आहे, येडे. तू कधी बंद करतेस का?"

"मग सॉरी का म्हणालीस?"

"तू सांगतेस का बघत होते."

रीमाने चमचे आणले. पहिला घास दीक्षाला, दुसरा मला. लगदासुद्धा इतका छान लागत होता की मला अजूनच राग आला.

घरी येऊन आधी मायस्पेस उघडलं. अजून दुसरीच. पण तिसरी कोण आहे, ते मी नीट पाहून ठेवलं.