गुप्त तक्रारीचं गाऱ्हाणं

साहेबांविरुद्ध तक्रार करून आल्यापासून वैभव तेंडोलकर जिना उतरतानाही मागे वळून बघायला लागला होता.

परळच्या एका वॉर्ड ऑफिसात, डास मारायच्या खात्यात तो क्लार्क. खात्याकडे धूर फवारायच्या मशिनी. जिथे डेंग्यूचा पेशंट निघेल त्या गल्लीत त्यांनी जायचं, एवढा साधा धर्म. पण मनमोहन शिरोडकर साहेब आले आणि मशिनींना लग्नाची आवड लागली. नवरानवरी स्टेजवर येताना ढगातून चालत आल्यासारखी दिसावीत अशी हल्ली फॅशन. साहेबांच्या मेव्हण्याचा डेकोरेशनचा धंदा, आणि सरकारी धूर फुकटचा. दादरच्या एका हॉलात तर वरमाय थेट वैकुंठातून उतरल्यासारखी धुरातून प्रकटली आणि पुढच्या रांगेतले व्याही रुमाल नाकाला लावून पळाले. हा किस्सा ऐकून वैभवही पोट धरून हसला होता. पण त्याच आठवड्यात लालबागला त्याच्याच चाळीत दोन पोरं तापाने अ‍ॅडमिट झाली, आणि चाळीच्या अर्जावर उत्तर आलं, ‘मशीन दुरुस्तीला गेली आहे.’ ते उत्तर वैभवनेच टाईप केलं होतं. मग मात्र त्याला राहवेना.

तो दक्षता विभागात गेला. तिथल्या अधिकारी अनुजा विजयकर, पिढ्यान्‌पिढ्या गिरगावच्या, शांतपणे ऐकून घेणाऱ्या बाई.

“तुमचं नाव आमच्याकडून बाहेर जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्रास झाला, बदली झाली, तर लगेच माझ्याकडे या. नियम तुमच्या बाजूने आहे. पण तुम्हीही कोणाला सांगू नका. घरीसुद्धा नाही.”

“नाही मॅडम. कोणालाच नाही.”

बदलीचीच तर त्याला धास्ती. वडील रामदास अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. रोज दुपारच्या सुट्टीत वैभव ऑफिसातून घरी यायचा आणि त्यांना उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसवायचा. आईच्या कमरेने केव्हाच हात टेकले होते. शहराच्या पार टोकाला बदली झाली असती, तर वडिलांनी खिडकी कधी बघायची?

आता गुपित पोटात ठेवायचं म्हणजे पोटात दुसरं काही जाईना. त्याने ताटातले बोंबील तसेच ठेवले, तेव्हा आईने, सुभद्राबाईंनी, ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“रे झिला, कोण ती?”

“कोण कोण?”

“पोरगी रे! बोंबील सोडून उठलंस तू. सांग, आमच्यातली हा ना? नसली तरी चलात. पण जेव बाबा.”

तीन-चार दिवस आईने सुनेची वाट पाहिली. पाचव्या दिवशी ती शेजारच्या जाईबाईंना सुनेच्या बांगड्यांचं माप विचारायला निघाली, तेव्हा वैभवने दार लावून सगळं सांगून टाकलं. वर देवाची शपथ घातली, की हे कुठल्याही माणसापाशी बोलायचं नाही.

सुभद्राबाईंनी शपथ पाळली, अक्षरशः. माणसापाशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पण मुलाच्या जिवाला घोर लागलेला असताना देवाला अंधारात ठेवायचं, हे त्यांच्या भक्तीत बसेना.

माघात चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. आरती झाली की अंगणात गणपतकाका सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालतात. काकांचा खाक्या कडक. माणसाचं नाव, त्याचा ठावठिकाणा आणि अडचण स्पष्ट सांगितल्याशिवाय ते देवापुढे तोंड उघडत नाहीत. “देवाक कामा कमी आसत काय, की तेना अंदाज लावत बसाचा?” हा त्यांचा रोकडा सवाल. सुभद्राबाईंनी त्यांच्या कानात सांगितलं. काका तर साक्षात देवाचे वकील, त्यांना माणसांत धरायचं कसं?

आणि त्या वर्षी चाळ कमिटीने युक्ती केली होती. धुराची मशीन मिळावी म्हणून खुद्द शिरोडकर साहेबांनाच पूजेला बोलावलं होतं. शाल, नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. साहेबही मूळचे मालवणकडचे. डोक्यावर रुमाल टाकून, हात जोडून, भक्तिभावाने उभे राहिले. वैभव मागे प्रसादाचे द्रोण लावत होता.

काकांनी माईक हातात घेतला.

“बा देवा सत्यनारायणा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” चाळ गरजली.

“आज ह्या लेकरांनी तुझी सेवा केली हा, काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत खणखणीत आवाज शिरोडकर साहेबांचा. लहानपणापासूनची सवय, जीभ आपोआप वळते.

“दुसऱ्या माळ्यावरचो रामदास तेंडोलकराचो झील वैभव, तेना आपल्या हापिसातल्या सायबाची तक्रार वर केली हा, गुपचूप केली हा, तेच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

साहेबांचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर. वैभवच्या हातातला द्रोण खाली पडला.

“आणि जो शिरोडकर सायब डासाची मशीन लग्नात नेता, तेका सद्बुद्धी दी, आणि ती मशीन आमच्या चाळीत हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” साहेबही म्हणाले. डोळे मिटून, मान डोलावून, मनापासून.

मग त्यांनी डोळे उघडले.

साहेबांनी नारळ खुर्चीवर ठेवला, शाल त्याच्यावर ठेवली आणि प्रसाद न घेताच ते निघून गेले.

“आये!” वैभव एवढंच म्हणू शकला.

“मिया कोणाक सांगूक नाय,” सुभद्राबाई म्हणाल्या. “देव काय माणूस हा?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच टेबलावर ऑर्डर. प्रशासकीय सोयीसाठी बदली, शहराच्या दुसऱ्या टोकाचं गोदाम, ताबडतोब हजर व्हा. वैभव ती घेऊन अनुजा मॅडमसमोर उभा राहिला. गुपित फोडणारा गुन्हेगार आपणच, अशी त्याची खात्री होती.

“कोणाला सांगितलंत?” मॅडमनी विचारलं.

“आईला. आईने देवाला. देवाला सांगताना माईक चालू होता.”

मॅडमनी चष्मा काढला. त्यांना हसू आवरेना. डोळे पुसून झाल्यावर म्हणाल्या, “आणि साहेब?”

“तेही व्हय म्हाराजा म्हणाले. माझ्या नावाला, आणि स्वतःच्याही. चाळीच्या ग्रुपवर व्हिडिओ आहे.”

मॅडमचं हसणं थांबलं. “दाखवा.”

त्यांनी तो पाहिला, पुन्हा पाहिला. मग खुर्चीत सरसावून बसल्या.

“तेंडोलकर, नाव गुप्त ठेवणं हे झालं एक कुंपण. ते तुमच्या आईने पाडलं, ठीक आहे. पण तक्रार केली म्हणून माणसाला शिक्षा करायची नाही, हे त्याच्या आतलं खरं कुंपण. तिथे आमची नेहमी अडचण होते. प्रत्येक साहेब म्हणतो, तक्रार कोणी केली हे मला ठाऊकच नव्हतं, बदली आपली रुटीन. ते खोटं आहे हे सिद्ध करता करता आमच्या नाकी नऊ येतात.” त्यांनी फोनवर बोट ठेवलं. “आणि इथे तुमचं नाव ऐकून साहेब अख्ख्या चाळीसमोर होकार देतात, आणि सकाळ उजाडताच बदली! आता काय सांगतील? ऐकू आलं नाही?”

“म्हणजे आईने...”

“आईंनी पुन्हा असं करू नये,” मॅडम घाईघाईने म्हणाल्या. “कृपा करून सांगा त्यांना. पण ही बदली थांबलीच पाहिजे. बाहेर बसा, आजच वरची सही घेते.”

साहेबांची चौकशी रीतसर सुरू झाली. ती कधी संपेल ते देवाला ठाऊक; काकांना विचारायची वैभवची हिंमत नव्हती. स्थगितीचा कागद मात्र हातात पडला. तो घेऊन वैभव धावत चाळीत शिरला, तेव्हा दुपारची सुट्टी केव्हाच टळून गेली होती.

“बाबा, बदली थांबली! हे बघा, ऑर्डर. वाचून दाखवू?”

रामदास भिंतीकडे तोंड करून पडले होते. तोंडाच्या एका कोपऱ्यातून, सावकाश, पण पूर्ण रागात म्हणाले,

“आधी माका उचल. मगे वाच.”