चपला हातात

पाच पायऱ्यांचा लाकडी जिना. वर काहीच नाही, नुसती भिंत.

पुरुषी बूट, आत बाईची पावलं, बोटांपुढे कापसाचे बोळे.

एक बाई टाचेला तेल चोळतेय.

"पोट गुरगुरलं तुमचं. पुन्हा घेऊ."

हे सगळं एकाच खोलीतलं. पडद्यावरच्या माणसांची पावलं या खोलीत वाजतात. चित्र बघत, त्याच्या तालावर ती बाई चालते आणि तो आवाज सिनेमात भरला जातो. आधी हे काम तिची आई करायची. आईने गाजवलेल्या एका सिनेमाचा रिमेक आज तिच्यापुढे होता: घरातून पळून गेलेली मुलगी परत येते आणि बापाला चाहूल लागू नये म्हणून दबकत जिना चढते. आईने वाजवलेली ती चपलांची टकटक लोकांच्या कानांत अजून बसलेली.

"ताई, मला तीच टकटक हवी," दिग्दर्शक म्हणाला. "नाहीतर जुनीच उचलून चिकटवतो."

"पोरीच्या चपला हातात आहेत. दिसत नाही का?"

"लोक ऐकायला येणार आहेत."

तिला झोंबलं. वीस वर्षं झिजलेल्या टाचा, आणि अजून ती फक्त आईची मुलगी. त्यात या पठ्ठ्याने तिला पटवायला साक्षात आईलाच आणून खुर्चीत बसवलेलं. आता आई आपल्याच आवाजाची बाजू घेणार, हे तिने धरूनच ठेवलं.

नव्या चित्रावर जुना आवाज लावला. टक. टक. टक.

"ही चोरून चढतेय की गल्ली उठवतेय?" आई म्हणाली.

"काकू, हा तुमचाच आवाज."

"म्हणून तर सांगते. तेव्हा चित्र इतकं काळं होतं की चपला हातात आहेत हे मला दिसलंच नाही. चाळीस वर्षं लोक माझ्या चुकीला दाद देतात आणि मी आपली मान डोलावते."

"पण लोकांना तेच आठवतं."

"मग घरी बसून आठवू दे की. तू कशाला नवा काढलास?"



तिने चपला काढल्या. पहिली पायरी चवड्यावर. दुसरी. तिसरी करकरली; ती थांबली, श्वासही थांबवला. मग टाच इतकी हळू टेकवली की लाकडाला जेमतेम कळावं.

"अगं, बाप उठेल," आई पुटपुटली.

दिग्दर्शकाने काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्याला खूण केली. "हाच ठेवा. जुना काढून टाका."

"काकू बोलल्या मध्येच. त्यांचा आवाज आलाय," रेकॉर्डिंगवाला म्हणाला.

"मग पुन्हा घेऊ," ती म्हणाली आणि पहिल्या पायरीशी जाऊन उभी राहिली.

त्या जुन्या सिनेमात आवाजच काय, पडद्यावर जिना चढणारे पायही नायिकेचे नव्हते. तिची केशरचना करणाऱ्या बाईंचे होते.