पलंगाचं फाटक

माझा नवरा रेनो दर सप्टेंबरात तीच ती पुस्तकं वाचतो. शिकारीचा मोसम जवळ आला की कपाटाच्या वरच्या फळीवरून ती खाली काढतो, बाहीने पुसतो आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून एकेक संपवतो. सगळी पुस्तकं एकाच विषयावरची. कुत्रा घेऊन रानात हिंडायचं आणि ग्राऊज, म्हणजे रानकोंबडीसारखा एक पक्षी, बंदुकीने चुकवायचा. मी मारायचा म्हणत नाही, चुकवायचाच म्हणते, कारण त्या पुस्तकांत पक्षी मरतात कमी आणि निसटतात फार. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण मी त्यातलं एक पानही उघडलं नव्हतं. जो माणूस औषधाच्या बाटलीवरचा कागद कधी पुरता वाचत नाही, तो एकच पुस्तक पंचविसाव्यांदा वाचताना मोठ्याने हसतो कशाला, हे मला कळत नसे.

यंदा सप्टेंबर आला, गेला, आणि पुस्तकं फळीवरच राहिली. रेनोच्या डोळ्यांनी दगा दिला होता. समोर बघितलं की मधोमध धुराचा गोळा, आणि कडेकडेचं तेवढं दिसायचं. माझा चेहरा बघायचा तर तो माझ्या कानाकडे बघतो. पुढच्या वर्षापर्यंत कडेचंही जाईल, असं शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्या आल्या त्याने बंदूक पुतण्याला देऊन टाकली. "ज्याला दिसत नाही त्याने बंदूक धरू नये," एवढंच बोलला. मी वाट बघत होते, चिडेल, आदळआपट करेल. काही नाही. मग ऑक्टोबरात एका संध्याकाळी बघते तर स्वारी खाली बसून पुस्तकं खोक्यात भरतेय.

"हे काय चाललंय?"

"मॉरिसला देतोय. शनिवारी येऊन नेईल म्हणाला."

मॉरिस ट्रुडो आमचा शेजारी. तोही शिकारी आणि त्याच पुस्तकांचा भक्त. त्यातल्या एका हिरव्या बांधणीच्या पुस्तकावर त्याचा कित्येक वर्षांपासून डोळा होता.

"अरे, पण राहू देत ना इथेच."

"कशाला? वास घ्यायला?"

हे तो हसत म्हणाला, आणि त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं. मी खोक्यात हात घातला, सगळ्यात वरचं ते हिरवं पुस्तक काढलं आणि खुर्ची ओढून बसले.

"काय करतेस?"

"वाचतेय. मोठ्याने. ऐकायचं तर ऐक, नाहीतर जा कुत्रीपाशी."

"तुला झोप येईल, एल्मा."

"आली तर झोपेन. तुझं काय जातं?"

कुत्रीपाशी जायची गरज पडली नाही. आमची पिल्वी, पांढरी, म्हातारी, पाठीवर करडे ठिपके असलेली, आपणहून येऊन त्याच्या पायांवर पसरली.

तर ते पुस्तक. लिहिणारा हॉलिस ग्रीली, खाली दक्षिणेकडच्या शहरातला दाताचा डॉक्टर. दर शरदात दवाखाना बंद करून आमच्या या उत्तरेच्या रानात यायचा. त्याला मरूनही खूप वर्षं झाली. मी वाचायला घेतलं ते नाक मुरडतच. शहरी माणूस, आपल्या चिखलात येतो, आणि वर आपल्यालाच रान शिकवतो! पण हा गडी शिकवतच नव्हता. पहिल्याच प्रकरणात त्याने तीन गोळ्या वाया घालवल्या, चौथ्यांदा बंदुकीचा सुरक्षेचा खटका सोडवायलाच विसरला, आणि पक्षी गेल्यावर कुत्र्याने त्याच्याकडे कसं बघितलं ते असं लिहिलं होतं की मी पुस्तक मांडीवर ठेवून हसले.

"बघ!" रेनो म्हणाला. लहान मुलासारखा पुढे सरकला होता. "सांगत होतो ना? बाकीचे लिहिणारे फक्त मारलेले मोजतात. हा बाबा चुकलेले सांगतो. म्हणून मी त्याला मानतो. पुढे वाच, आता ओढ्यात पडणार आहे तो."

पडलाच.

दोन संध्याकाळी गेल्या आणि मला त्या माणसाची चटक लागली. जेवणाची भांडी तशीच टाकून मी वाचायला बसू लागले. कुत्र्याच्या गळ्यातल्या घंटेबद्दल त्याने लिहिलंय ते तर मी दोनदा वाचलं. ग्राऊजच्या रानात झाडी इतकी दाट की दहा पावलांवरचा कुत्रा दिसत नाही, म्हणून त्याच्या गळ्यात घंटा बांधतात. घंटा वाजतेय तोवर कुत्रा हुंगत फिरतोय. घंटा थांबली की कुत्रा पक्ष्यासमोर खिळून उभा आहे. ग्रीली म्हणतो, सगळा जन्म मी त्या आवाजासाठी नाही, तो थांबण्यासाठी चाललो. आमच्या घरी ती घंटा खुंटीवर टांगलेली असते, आणि इतकी वर्षं मी ती फक्त धूळ झटकायला हातात घेतली होती.

"आता विधवेची बाग येईल," गुरुवारी रेनो म्हणाला.

विधवेची बाग हे त्या पुस्तकातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. नाव अर्थातच खोटं. हे शिकारी आपली हमखास शिकार मिळायची जागा सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. जागांना भलतीच नावं ठेवतात, गाडी मैलभर दूर लावतात, कोणाला ताकास तूर लागू देत नाहीत. ग्रीलीने तर तालुकासुद्धा बदलून लिहिला होता. सोडून दिलेली सफरचंदाची झाडं, बाजूला पॉपलच्या कोवळ्या झाडांचं गच्च रान, मधून ओढा, आणि पावलागणिक ग्राऊज. पन्नास वर्षं लोक ती बाग शोधताहेत. रेनो आणि मॉरिसने तिच्यापायी दोन गाड्यांची वाट लावली होती.

"एकदा तरी तिथे उभं राहायचं होतं," रेनो म्हणाला. "शिकार बिकार नको. कडेचं दिसतंय तोवर, नुसतं उभं राहायचं. ते राहिलंच बघ."

त्याने आयुष्यात माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही. हेही मागितलं नाही, नुसतं बोलून दाखवलं. मला गलबलून आलं, आणि ते कळू नये म्हणून मी घाईघाईने वाचायला सुरुवात केली.

ग्रीली कुत्रा घेऊन एका शेतापाशी येतो. वाटेत फाटक. कसलं फाटक? जुन्या लोखंडी पलंगाची उशाकडची बाजू बिजागऱ्यांवर टांगलेली, कमानदार, वर पितळी गोळा, एकच, दुसरा हरवलेला. मी वाचता वाचता अडखळले.

"काय झालं?"

"काही नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं."

पुढे वाचलं. ग्रीली फाटक उघडंच टाकून आत शिरतो. घरातून एक बाई पिठाच्या हातांनी बाहेर येते आणि ओरडते, 'फाटक लावा! आमच्या गाईलाही एवढी अक्कल आहे!' मग त्याला घरात बोलावते, वेलदोड्याचा पाव देते, म्हणते रानात हवं तिथे फिरा. बाई बिचारी विधवा, एकटी. पाव स्वर्गीय होता, मात्र तिची कॉफी म्हणजे नुसतं कोमट पाणी.

"खोटारडा!" मी किंचाळले. पिल्वी दचकून उठली. "कोमट पाणी? माझ्या आईची कॉफी? चमचा उभा राहायचा त्यात! आणि विधवा कोण? बाबा गोठ्यात दूध काढत असतील! जिवंत माणसाला मारून टाकलं मेल्याने!"

रेनो माझ्या कानाकडे बघत राहिला.

"एल्मा," तो हळूच म्हणाला, "काय म्हणालीस?"

"ते आमचं फाटक आहे रे. पलंग आजीचा. गाईला अक्कल आहे हे आई प्रत्येकाला म्हणायची, पाद्रीबाबांनाही म्हणाली होती. ती जागा लपवायला त्याने आईला विधवा केलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. रेनो लग्नाआधी आमच्या घरी यायला लागला तेव्हा आई गेलेली होती, बाबांनी तारेचं नवं फाटक बसवलं होतं आणि पलंग गोठ्यामागे फेकला होता. कोवळं पॉपल वाढून जुनं रान झालं होतं, उंच आणि खाली मोकळं. तशा रानात ग्राऊज राहत नाही. बाबांबरोबर त्यात दोनदा फिरून रेनोनेच ते निकाली काढलं होतं.

मग बाबाही गेले. भावाने जमीन कागद कारखान्याला विकली आणि त्यांनी एका हिवाळ्यात सगळं रान भुईसपाट केलं. मी एकदा रस्त्यावरून ते बघितलं, बुंधेच बुंधे, आणि गाडीत ढसाढसा रडले. त्यानंतर त्या रस्त्याला गेले नाही.

"रान तोडून किती वर्षं झाली गं?" रेनोने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"पंधरा असतील."

मी आता पुस्तक वाचलेली बाई होते. पॉपल तोडलं की मुळांतून परत फुटतं, हजारोंनी, आणि दहा-पंधरा वर्षांचं दाट झालं की ग्राऊज तिथे येतोच, हे ग्रीलीने दुसऱ्याच प्रकरणात सांगितलंय.

"अरे, मग तू कधी गेला कसा नाहीस? कारखान्याच्या रानात तर कोणालाही जाता येतं. तुला हे माहीत असणारच!"

"माहीत होतं की."

"मग?"

"तू रडली होतीस ना," तो म्हणाला. "मग कसा जाऊ?"

मी उठले आणि भांडी घासायला लागले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली.

शुक्रवारी सकाळी धुकं निवळल्यावर निघालो. रेनोने काठी घेतली, मी पाव आणि कॉफीचा थर्मास घेतला. पिल्वीच्या गळ्यात घंटा बांधली तशी ती म्हातारी अंगणात तीन गिरक्या घेऊन पडली. गाडी मी आमच्या जुन्या वाटेवर लावणार, तोच रेनो म्हणाला, "इथे नको, पुढे चर्चपाशी लाव. कोणी बघेल."

"तुझे गुडघे?"

"गुडघे जाऊ देत खड्ड्यात. इथे लावू नकोस."

घर राहिलं नव्हतं, पायाचे दगड तेवढे होते. पण रान! पॉपलची मनगटाएवढी खोडं, एकाला एक लागून, वर पिवळीधमक पानं. ज्या जागेचा मी पंधरा वर्षं शोक केला, ती मला विचारल्याशिवायच परत उभी राहिली होती. मी त्याचा हात धरला. तो कडेच्या नजरेने बघत, मान तिरकी करून चालत होता, कोंबडीसारखा. मी तसं म्हटलंही. "कोंबडी नाही, ग्राऊज म्हण," तो म्हणाला.

घंटा पुढे वाजत होती. ओढ्यापलीकडे सफरचंदाची तीन झाडं अजून उभी होती, खाली आंबूस वासाचा सडा. पहिल्या झाडापाशी माझा पाय नेच्यांतल्या कशाला तरी अडकला. मी रेनोचा हात खाली नेऊन त्यावर ठेवला. तो गुडघ्यांवर बसला. गंजकी सळई, मग वाकलेली कमान, मग दुसरी, बोटं हळूहळू सरकत गेली, आणि टोकाला थांबली.

"गोळा," तो म्हणाला. "पितळी. एकच."

"दुसरा मीच हरवला होता, सहा वर्षांची असताना."

तो काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात घंटा थांबली.

मला वाटलं होतं, थांबली की कळेल. पण ते कळणं नव्हतं, छातीत कोणी हात घातल्यासारखं झालं. रेनो उठला. काठी कधी आडवी हातात आली त्यालाही कळलं नसेल. पिल्वी पलीकडच्या झाडाखाली एक पाय उचलून खिळली होती, शेपटी ताठ, आणि म्हातारीचं सगळं अंग थरथरत होतं. रेनोने तीन पावलं टाकली.

आणि जमीन फुटली. ग्राऊज उडतो तेव्हा एवढा आवाज का करतो, देव जाणे. तपकिरी गोळा उसळला, शेपटीचा पंखा उघडला, डावीकडे वळून खोडांमधून गेला. रेनोची काठी खांद्याला लागून त्याच्यामागे फिरली. मग सगळं शांत झालं, फक्त काही पानं खाली येत होती.

"कडेने दिसला," रेनो म्हणाला. "शेपटी दिसली, एल्मा. काळा पट्टासुद्धा."

मला रडू येत होतं, आणि मी ते लपवलं नाही.

"लागला का?" त्याने विचारलं.

"छे! चुकलास."

"किती?"

"हातभर मागे."

तो असा हसला की रान दणाणलं. "ग्रीलीही इथेच चुकला होता," म्हणाला. "हातभर मागेच!"

पाव खाल्ला, कॉफी प्यायलो, पिल्वीलाही पाव दिला. निघताना त्याने पलंगाची ती बाजू नेच्यांतून उपसून सफरचंदाच्या झाडाला टेकवून उभी केली. कुंपण नाही, गाय नाही, तरी म्हणाला, "नीट लागलंय का बघ, नाहीतर तुझी आई ओरडेल."

शनिवारी मॉरिस खोकं न्यायला आला. मी दारातच उभी राहिले.

"पुस्तकं मिळणार नाहीत. आमची वाचून व्हायची आहेत."

"आमची?" मॉरिसने भुवया उंचावल्या. मग दाराशी काढलेल्या आमच्या बुटांवरचा चिखल बघून त्याचं नाक फुललं. "काल कुठे गेला होतात गं?"

"पश्चिमेला," मी म्हटलं. "तळ्याच्या पलीकडे. काही नाही तिथे. एक पक्षी दिसेल तर शपथ."

आतून रेनो खोकला. हसू दाबताना तो तसाच खोकतो.

त्या संध्याकाळी मी हिरवं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आणि आठवडाभराने विधवेच्या बागेपर्यंत आले. फाटक आलं, गाईची अक्कल आली, पाव आला.

"'...आणि तिची कॉफी,'" मी वाचलं, "'इतकी कडक आणि इतकी सुरेख होती की तशी मी पुन्हा कुठेच प्यायलो नाही.'"

रेनोला ते पुस्तक तोंडपाठ आहे, स्वल्पविरामासकट. मी पान न उलटता थांबले.

"बरोबर," तो म्हणाला. "असंच आहे. पुढे वाच."