डॅरलची संशयी बॅग

मित्रांनो, मी एक जुनी चामड्याची बॅग आहे. बसा, ऐका, पण हात माझ्या चेनपासून लांब ठेवा. माझा कुणावर भरवसा नाही.

ॲडलेडच्या एका कारागिराने मला शिवलं. डॅरल ट्रेझाइसची मोठ्या क्लबात निवड झाली, तेव्हा वडिलांनी कौतुकाने मला त्याच्या हाती दिलं. लंबगोल चेंडूच्या त्या धसमुसळ्या खेळात तो बरीच वर्षं गाजला. चेंडू झेलायला असा उडायचा, की लोक जागा सोडून उभे राहायचे. त्या दिवसांत मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू?

माझा संशयी स्वभाव मात्र कपडे बदलायच्या खोलीतला. हंगामाच्या सुरुवातीला डॉक्टर खेळाडूंच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायचे. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला, की तीच परीक्षा पुन्हा. गुण घसरले तर बसा घरी! म्हणून हे शहाणे पहिल्या परीक्षेतच मुद्दाम चुकायचे.

"काय रे डॅरल, किती शब्द आठवले?"

"तीन! डॉक्टर म्हणाला असेल, डोकं आहे की भोपळा?"

"मग आता खुशाल आपट. याहून खाली काय जाणार?"

सगळे पोट धरून हसायचे. मला ते हसणं तेव्हाही खटकायचं. भोवळ आली की डॅरल माझ्यावर डोकं टेकायचा आणि डॉक्टर दिसले की ताठ बसायचा.

शेवटच्या सामन्यानंतर सोबत्यांनी त्याला खांद्यावर उचलून नेलं. मी मग शेडमध्ये पडले. उंदरांनी पट्टा कुरतडला, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता डॅरलला काही आठवत नाही. किल्ल्या स्वतःच माझ्यात लपवतो आणि बायकोवर, लिनेटवर, चोरीचा आळ घेतो. ती बिचारी त्या निमूट काढून खुंटीला लावते. मला फार वाईट वाटतं हो.

त्याची मुलगी टेगन गावच्या संघात खेळते. मला तिनेच शेडमधून बाहेर काढलं. गेल्या शनिवारी उपांत्य सामन्यात तिचं डोकं दुसरीच्या गुडघ्यावर आदळलं. शेवटचा डाव बाकी होता आणि तिच्याशिवाय जिंकणं कठीण होतं. संघाचा मलमपट्टी करणारा नॉर्म धावत आला.

"कितवा डाव संपला? शेवटचा गोल कुणाचा?"

मैत्रिणीने कानात सांगितलेलं टेगनने पटापट म्हणून टाकलं. नॉर्मने मान डोलावली. माझ्याशेजारी बसलेला डॅरल ताडकन उठला.

"हिला कुणीतरी सांगितलंय! लबाड आहात सगळे!"

"झालं याचं सुरू," मागून कुणीतरी म्हणालं.

"बाबा, बस ना खाली! सगळे बघतायत."

"सकाळी आपण काय खाल्लं, ते सांग."

टेगनने तोंड उघडलं, पण तिला काही आठवेना. तिचे डोळे भरून आले.

"अहो डॅरल, तुम्हाला तरी आठवतंय का?" कोचबाई वैतागून म्हणाल्या.

"नाही," डॅरल म्हणाला. "म्हणून तर हिला मैदानात सोडत नाही."

नॉर्मने खाली बसून टेगनच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. आम्ही हरलो.

मित्रांनो, मला नवा पट्टा नको, तेलपाणी नको. फक्त मार लागला, तर "लागला" असं खरं सांगा. आणि कुणी डोकं धरून हसत हसत "काही नाही झालं" म्हणालं, तर त्याच्यावर जरूर संशय घ्या.