बॉथेलच्या देव्हाऱ्यातली सिंहवाली

मी बोलतेय, आणि सर्वांत आधी हे सांगते: मी देवी नाही. शंभर वर्षं लोक माझ्यापुढे हात जोडताहेत, म्हणून हे बोलायलाच हवं.

मी बशीएवढी ब्राँझची तबकडी. जन्म इंग्लंडमधला, पण निमित्त घडलं सारायेव्होत. १९१४ साली ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याचा युवराज बायकोसह मोटारीतून चालला होता. ड्रायव्हरने चुकीचं वळण घेतलं, गाडी थांबली आणि समोरच्या सर्ब पोराने गोळ्या झाडल्या. दोघंही मेली. म्हाताऱ्या सम्राटाने सर्बियावर युद्ध पुकारलं. मग त्याचे मित्र, त्यांचे शत्रू, सगळेच उतरले. या राजेलोकांच्या भांडणाशी साताऱ्याकडच्या रामजी शेडगेचा काय संबंध? काहीही नाही. तरी इंग्रजांच्या पलटणीतून तो मेसोपोटेमियात गेला आणि तिथेच मेला.

अशा मेलेल्यांच्या घरी सरकारने तबकड्या धाडल्या. रामजीच्या घरी मी गेले. माझ्यावर इंग्रजांच्या देशाचं प्रतीक म्हणून त्रिशूळ धरलेली बाई, तिच्याजवळ सिंह, चौकटीत रामजीचं नाव आणि कडेने इंग्रजीत: 'तो स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला.' गुलाम देशातल्या माणसाच्या दारी हे वाक्य पाठवताना कुणालाही लाज वाटली नाही. सोबतचं पत्रही इंग्रजीत. गावात ते वाचणार कोण?

रामजीच्या बायकोने, भागीरथीने, त्रिशूळ पाहिला, सिंह पाहिला. "आई घरी आली," म्हणाली आणि मला देव्हाऱ्यात बसवलं. तेल-शेंदराचे थर चढत गेले. त्याखाली नाव बुडालं.

गाव म्हणायचं, "गडी पळाला. तिकडेच दुसरा संसार थाटला." मुलगा बापाचं नाव काढेनासा झाला. पितृपक्षात त्याचं पान कधी वाढलं नाही. भागीरथी मात्र मरेपर्यंत रोज कुंकू लावायची. आधी मला, मग स्वतःला. तिच्या वैधव्याची बातमी होते मी!

पुढे तिचा नातू प्रल्हाद मला घेऊन अमेरिकेत बॉथेलला, मुलाच्या घरी आला. इथे देव्हारा किचनच्या कपाटात. स्मोक अलार्म वाजतो म्हणून उदबत्तीही बॅटरीवरची.

यंदा सप्टेंबरात प्रल्हादची नात सिया लॅपटॉप घेऊन आली.

"आजोबा, आपली देवी माझ्या होमवर्कमध्ये आहे."

"मस्करी पुरे," तिची आई रेणू म्हणाली.

"आय ॲम सिरियस, मम्मा! सेम लायन बघ. फर्स्ट वर्ल्ड वॉरमध्ये जे मेले ना, त्यांच्या फॅमिलीला हे द्यायचे. इथे सोल्जरचं नेम असतं."

तिने बोट पुढे केलं तशी रेणू ओरडली, "नख लावू नकोस! बाबा, सांगा ना हिला. नवरात्र तोंडावर आलंय."

"नवरात्राच्या आधी पितृपक्ष असतो, रेणू," प्रल्हाद म्हणाला. त्याने स्वतःच तेलात कापूस बुडवला.

शेंदूर सुटत गेला. सिया एकेक अक्षर लावू लागली. "रामजी... शेडगे. हू इज ही?"

प्रल्हाद स्टुलावर बसला. "माझे आजोबा. माझ्या वडिलांनी जन्मभर त्यांना पळपुटा म्हटलं गं."

"पण ही डायड इन द वॉर, आजोबा."

"हो ना. एवढंच आम्हाला कुणी सांगितलं नाही."

सर्वपित्रीला रेणूने एक पान जास्त वाढलं. प्रल्हादने रामजीचं नाव मोठ्याने घेतलं आणि पान मागच्या डेकवर ठेवलं. बॉथेलला कावळ्यांची वाण नाही.

आता मी देव्हाऱ्याबाहेर, फोटोंच्या रांगेत उभी आहे. सोमवारी सियाच्या शाळेत जायचंय. पोरी, युवराजाच्या गाडीचं चुकलेलं वळण वर्गात सगळे सांगतील. तू भागीरथीबद्दल सांग.

आणि एक विनंती. माझ्या कडेवर 'स्वातंत्र्य' या शब्दात तिचा शेंदूर अजून अडकलाय. तेवढा कोरून काढू नका. तो शब्द तिच्या बोटांखाली झाकलेलाच राहू द्या.